सलग वाऱ्यासाठी काइटसर्फिंगचं सामान: सातारा-सांगलीकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साताऱ्यात राहतो आणि वर्षातून दोनदा काइटसर्फिंगला, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने बोर्डवर उभं राहून पाण्यावरून धावायला, समुद्रावर जातो. हे कळल्यापासून पाचगणीला पॅराग्लायडिंग करणारे, कृष्णेत पोहत वाढलेले सांगलीकर, कराड-इस्लामपूरची कॉलेजची मुलं असे बरेच जण विचारत असतात. जायचं ठिकाण बहुतेकांचं ठरलेलं असतं, श्रीलंकेतलं कल्पिटिया नाहीतर आपलं रामेश्वरम, कारण व्यापारी वाऱ्यांमुळे तिथे सलग वारा मिळतो. अडतं ते सामानाशी. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत.

१. या खेळाला नक्की काय काय लागतं?

काइट म्हणजे हवा भरून ताठ होणारा मोठा पतंग. त्याला जोडलेल्या चार दोऱ्या, म्हणजे लाइन, आणि त्या धरायचा दांडा, म्हणजे बार. कमरेला हार्नेसचा पट्टा, पायाखाली बोर्ड, हवा भरायला हातपंप. याशिवाय हेल्मेट, इम्पॅक्ट जॅकेट आणि दोरी कापायचा छोटा आकडी चाकू. काइटची ओढ हातावर येत नाही, हार्नेसच्या हुकमधून कमरेवर येते. हात फक्त दिशा देतात. संक्रांतीच्या पतंगाशी याचं साम्य वारा आणि दोरी एवढंच. ही दोरी माणूस उचलून नेऊ शकते, ताणलेली असताना तिला हात लावायचा नाही.

२. ‘व्यापारी वारे’ म्हणजे शाळेतल्या भूगोलातलेच ना? त्यांचा खरेदीशी काय संबंध?

तेच. उत्तर गोलार्धात ईशान्येकडून आणि दक्षिण गोलार्धात आग्नेयेकडून विषुववृत्ताकडे वाहणारे वारे. उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात दक्षिणेकडचे हे वारे विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात आणि नैऋत्य मोसमी वारे म्हणून आपल्याकडे येतात. हिवाळ्यात ईशान्येचे वारे असतात. म्हणून कल्पिटियाला दोन हंगाम मिळतात, साधारण मे ते ऑक्टोबर (उन्हाळी) आणि डिसेंबर ते मार्च (हिवाळी). रामेश्वरमचं बेट पाल्कची सामुद्रधुनी आणि मन्नारचं आखात यांच्या मधोमध असल्यामुळे तिथेही उन्हाळी आणि हिवाळी, दोन्ही वारे लागतात. ब्राझीलचा सेआरा किनारा या वाऱ्यांसाठी जगभर ओळखला जातो.

खरेदीशी संबंध असा: हे वारे दिवसचे दिवस जवळपास त्याच दिशेने आणि त्याच जोराने वाहतात. वारा लहरी असेल तर पाच प्रकारचं सामान बाळगावं लागतं. सलग वाऱ्याला मोजकं पुरतं, पण ते मापात बसायला हवं.

३. माझं वजन ७५ किलो. किती मोठा काइट घेऊ?

आधी एकक पाहू. काइटचं माप चौरस मीटरमध्ये असतं, ‘नऊचा’ म्हणजे ९ चौरस मीटरचा. वारा नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, म्हणजे २० नॉट ताशी ३७ किलोमीटर.

ढोबळ हिशेब असा: वजन गुणिले २.२, भागिले वारा. ७५ किलोला १८ नॉटमध्ये ९.२ येतात, २२ नॉटमध्ये ७.५, २५ नॉटमध्ये ६.६. कल्पिटियाच्या उन्हाळी हंगामात वारा बहुतेक दिवस १८ ते २५ नॉटच्या आत असतो, त्यामुळे तुमच्यासाठी नऊ आणि सात ही जोडी. ९५ किलोच्या माणसाला बारा आणि नऊ. हिवाळी हंगामाचा वारा जरा मऊ असतो, तेव्हा एक माप वर सरकायचं.

हा हिशेब साधारण १२ ते २५ नॉटपर्यंतच धरा. त्याच्या बाहेर तो फसवतो.

४. थोडा मोठाच घेतला तर? पुढेमागे उपयोगी पडेल.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला त्याची काळजी वाटते. आपल्याकडे पोराचे कपडे वाढत्या अंगाचे घेतात, तो हिशेब इथे लावू नका. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. २० नॉटचा वारा २५ झाला की वेग सव्वापट होतो, पण ओढ दीडपटीहून जास्त. १५ चा ३० झाला तर चौपट. काइट मोठा असेल तर ही वाढ थेट तुमच्या कमरेवर येते.

माझा पहिला काइट बाराचा होता. विकणाऱ्याने ‘नवशिक्याला मोठाच बरा’ असं सांगितलं आणि मी ते मानलं. जुलैत कल्पिटियाला तो घेऊन गेलो. दहा दिवसांत दोन सकाळी, वारा पडलेला असताना, तो उडाला. एका दुपारी हट्टाने बाहेर काढला, तेव्हा बार पूर्ण ढकलूनही ओढ कमी होईना आणि मी वाळूवर तोंडावर ओढला गेलो. खांदा महिनाभर दुखत होता. बाकीचे दिवस भाड्याचा आठचा काइट उडवला आणि शिकलो ते त्याच्यावरच.

आणखी एक कारण आहे. लहरी वाऱ्यात जोर मध्येच पडतो, त्या खड्ड्यांतून निघायला मोठा काइट लागतो. सलग वाऱ्यात खड्डेच नसतात. ज्या अडचणीसाठी मोठं माप घ्यायचं, तीच तिथे नाही.

५. दोन घ्यायची ऐपत नाही. एकात भागेल का?

भागेल. नऊ-सात जोडीतला नऊचा घ्या (तुमच्या वजनाला जो मोठा येतो तो) आणि वारा २२-२३ नॉटच्या वर गेला की भाड्याने लहान घ्या किंवा त्या दिवशी बसून राहा. बसून राहणं हाही खेळाचा भाग आहे.

६. आम्ही नवरा-बायको दोघं शिकणार आहोत. मी ७५, ती ५२ किलो. एकच सेट दोघांना पुरेल का?

एक पुरणार नाही, पण तीन काइटमध्ये दोघांचं छान जमतं: नऊ, सात, पाच. १८ नॉटला तुम्हाला नऊचा आणि त्यांना सातचा लागेल. २५ नॉटला तुम्हाला सातचा आणि त्यांना पाचचा. सातचा काइट दोघांचा, पण एकाच वेळी दोघांना तो कधीच लागणार नाही. हार्नेस मात्र वेगवेगळे हवेत. बोर्डही शक्यतो वेगळा.

एक गोष्ट त्यांना आधी सांगा. लहान काइट हवेत फार चपळ फिरतो. त्यामुळे हलक्या वजनाच्या माणसाला सुरुवातीला हात जपून हलवावे लागतात. ती त्यांची चूक नसते, मापाचा स्वभावच तसा आहे.

७. तीन स्ट्रट, पाच स्ट्रट, बो, सी... यातलं काय घेऊ?

बो, सी, डेल्टा, हायब्रिड ही काइटच्या आकारांची नावं. स्ट्रट म्हणजे काइटच्या आडव्या हवा भरलेल्या फासळ्या. पुढच्या कडेची जाड नळी, म्हणजे लीडिंग एज, आणि या फासळ्या मिळून काइटला आकार देतात. हवा भरलेला, पाण्यात पडला तरी पुन्हा उडणारा काइट ही फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या लेगेन्यू बंधूंची कल्पना. त्यांनी १९८४ साली पेटंटसाठी अर्ज केला होता.

नवशिक्याला आणि बहुतेक सगळ्यांना तीन स्ट्रटचा डेल्टा किंवा हायब्रिड आकार पुरेसा आहे. पाण्यातून पटकन उठतो आणि बार ढकलला की ओढ लगेच सोडतो. पाच स्ट्रटचा जोराच्या वाऱ्यात जास्त स्थिर राहतो, पण जड आणि महाग. एक स्ट्रटचे किंवा बिनस्ट्रटचे हलक्या वाऱ्यासाठी बनवलेले असतात, २२ नॉटमध्ये त्यांची मागची कड फडफडते. सी आकार उड्या मारणाऱ्या तयार लोकांसाठी, पहिल्या तीन वर्षांत तिकडे बघू नका.

अलीकडे नेहमीच्या पॉलिस्टरऐवजी नव्या हलक्या कापडांचे काइट निघाले आहेत. त्यांचा खरा फायदा कमी वाऱ्यात दिसतो. सलग २० नॉटसाठी तेवढे जास्तीचे पैसे मी घालणार नाही.

८. बार कुठलाही चालतो का? मित्राकडे एक जुना पडून आहे.

काइटवर काटकसर करा, बारवर करू नका. तुम्ही आणि ती ओढ यांच्यामध्ये एवढी एकच वस्तू असते.

पुढच्या दोन लाइनवर जवळजवळ सगळा भार असतो, मागच्या दोन वळवतात. बार छातीकडे ओढला की काइट जास्त वारा पकडतो, ढकलला की सोडतो. हुकमध्ये अडकणाऱ्या कडीला चिकन लूप म्हणतात आणि तिच्यावर क्विक रिलीज असतो. तो ढकलला की काइट एकाच पुढच्या लाइनवर लोंबकळतो आणि ओढ संपते. या रिलीजसाठी २०२० साली आयएसओ २१८५३ हे मानक आलं. विकत घेताना त्याप्रमाणे तपासलेला आहे का, हे विचारा. मित्राचा जुना बार त्याआधीचा असेल, लूपमध्ये वाळू अडकत असेल किंवा ढकलायला दोन हात लागत असतील, तर तो भिंतीवर टांगा.

लांबी: लाइन २२ ते २४ मीटर, बार साधारण ५० सेंटिमीटर. पाच-सहाच्या काइटला ४५ चा. शक्य असेल तर बार आणि काइट एकाच कंपनीचे घ्या. पुढच्या लाइन कुठे एकत्र येतात हे प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि काही काइट चुकीच्या बारवर सुरक्षा सोडल्यावरही पूर्ण निपचित पडत नाहीत.

९. बोर्ड कुठला?

ट्विन टिप, म्हणजे दोन्ही बाजूंनी चालणारा. ७५ किलोला १३६ ते १३८ सेंटिमीटर लांब, ४१ रुंद. अगदी शिकण्याच्या आठवड्यात १४० च्या वरचा सोपा जातो, पण तो शाळा देते. कल्पिटियाच्या खाजणासारखं सपाट पाणी असेल तर कमी बाक असलेला बोर्ड बरा, तो वाऱ्याच्या वर चढायला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला सरकायला, मदत करतो. लाटांचं पाणी असेल तर बाक जास्त हवा, नाहीतर गुडघे बोलतात.

१०. माझ्याकडे पॅराग्लायडिंगचा हार्नेस आहे. तोच वापरू का?

नाही. पाचगणीहून हा प्रश्न दर हंगामात येतो. पॅराग्लायडिंगच्या हार्नेसचे कॅराबिनर, म्हणजे अडकवायच्या कड्या, ‘कधीही सुटू नये’ यासाठी असतात, इथे मात्र सगळं ‘क्षणात सुटावं’ यावर उभं आहे. शिवाय त्याची पाठीची गादी पाणी पिते आणि तुम्हाला पालथं पाडते. इथे समोर हुक असलेला हार्नेस लागतो. पोटापेक्षा छाती बारीक असणाऱ्यांना कमरेचा हार्नेस काखेत सरकून त्रास देतो, त्यांनी मांड्यांना पट्टे असलेला सीट हार्नेस घ्यावा. घालून, दोरीला लोंबकळून बघितल्याशिवाय घेऊ नका.

पॅराग्लायडिंगची सवय मात्र उपयोगी पडते, वारा वाचणं तुम्हाला आधीच येतं.

११. हेल्मेट, लाइफ जॅकेट, बोर्डची दोरी... काय घालायचं, काय नाही?

हेल्मेट घालायचं. इम्पॅक्ट जॅकेट घालायचं, पण ते लाइफ जॅकेट नाही. ते आपटण्याचा मार कमी करतं, बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्यावर धरत नाही. बोर्डला पायाशी बांधायची दोरी वापरू नका. ताणली गेली की बोर्ड उलटून डोक्यावर येतो. उन्हासाठी पूर्ण बाह्यांचा लायक्रा शर्ट.

पोहता येत नसेल तर आधी पोहायला शिका. नदीत पोहणाऱ्यांनीही चार दिवस समुद्रात पोहून बघावं. तिथे हाताशी काठ नसतो.

१२. शिकायला जाण्याआधीच सामान घेऊन जाऊ का?

घेऊ नका. शाळेच्या फीमध्ये सामान येतं. आठ-दहा तास शिकल्यावर तुम्हाला कळतं की कुठलं माप हाताला बसतं. नवा पूर्ण सेट दीड-दोन लाखांच्या पुढे सहज जातो, बाहेरून मागवला तर वाहतूक आणि सीमाशुल्क वेगळं. एकच गोष्ट आधी घ्यायची तर स्वतःच्या मापाचा हार्नेस घ्या.

१३. वापरलेला काइट घेताना काय बघू?

संध्याकाळी हवा भरा आणि सकाळी बघा. मऊ पडला असेल तर आतली ब्लॅडर, म्हणजे हवेची पिशवी, गळते आहे. ती दुरुस्त होते, पण किंमत त्या मानाने पाडून मागा. कापड कानाशी धरून चुरगळा. कुरकुरीत आवाज असेल तर आयुष्य बाकी आहे, जुन्या चादरीसारखं मऊ झालं असेल तर उन्हाने खाल्लंय. शिवणी, पुली आणि लाइन जोडायच्या छोट्या दोऱ्या बघा. चारही लाइन एका खुंटीला अडकवून ताणा, लांबी सारखी यायला हवी. व्यापारी वाऱ्यांच्या ठिकाणी वापरलेला काइट दोन वर्षांचा असला तरी जास्त दमलेला असतो. तिथे तो रोज उडतो आणि रोज उन्हात पडतो.

१४. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरने हवा भरली तर?

ब्लॅडर फुटेल. काइटला ६ ते ८ पीएसआय पुरतात, लहान काइटला थोडी जास्त. टायरचा कॉम्प्रेसर त्याच्या कितीतरी पट दाबाने हवा सोडतो. सायकलचा पंपही नको, त्यातून हवा फार थोडी जाते. काइटचाच मोठा हातपंप वापरा.

१५. घरी आणल्यावर कसा ठेवायचा? फाटला तर साताऱ्यात कोण शिवेल?

मिठाचं पाणी वाळलं की स्फटिक कापड घासतात. गोड्या पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण वाळवा. आपल्या पावसाळ्यात ओला काइट पिशवीत राहिला तर आठवड्यात बुरशी येते. गावाकडच्या घरात माळ्यावर ठेवू नका, उंदरांना हे कापड आवडतं. पत्र्याच्या पेटीत ठेवा.

बोटभर फाटला असेल तर दोन्ही बाजूंनी रिपस्टॉप चिकटपट्टी लावा. पॅराग्लायडिंगवाल्यांकडे ती असते. ताडपत्री शिवणाऱ्याकडे नेऊ नका. त्याचं काम चांगलं असतं, पण सुई जाड असते आणि पातळ कापडाला तिकिटासारखी भोकं पडतात. पुढच्या जाड नळीची शिवण उसवली तर ती काइट दुरुस्त करणाऱ्याकडेच जाऊ द्या, तिथे दाब असतो.

१६. एवढं लांब कशाला? कोयना, कण्हेर, धोमला पाणी आहे, वारा आहे.

पाणी आहे. वारा आहे तो वेगळा. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला शेकडो किलोमीटर काही आडवं आलेलं नसतं. आपल्याकडचा वारा सह्याद्रीच्या रांगांवर आपटून, खिंडींतून वाट काढून खाली उतरतो. अडथळ्याच्या मागे त्याच्या उंचीच्या सात ते दहापट अंतरापर्यंत वारा घुसळलेला असतो असा ठोकताळा आहे. तीनशे मीटरचा डोंगर असेल तर दोन-तीन किलोमीटर. धरणाच्या पाण्याची रुंदी बहुतेक ठिकाणी तेवढीही नाही. पाण्याखाली बुडालेली झाडं, काठाला विजेच्या तारा. कोयनेच्या शिवसागर जलाशयाचा परिसर तर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. परवानगीशिवाय जायचंच नाही, आणि परवानगी मिळाली तरी मी तिथे काइट उडवणार नाही. वरच्या उत्तरांतला सामानाचा एकही हिशेब त्या वाऱ्याला लागू पडत नाही.

१७. मग चाळकेवाडीच्या पठारावर सराव? पवनचक्क्या आहेत म्हणजे वारा असणारच.

वारा असतो, पण पाती आणि ताराही असतात. कास पठारावर तर पाऊलही जपून टाकायचं असतं. सरावासाठी २-३ चौरस मीटरचा दोन दोऱ्यांचा ट्रेनर काइट घ्या आणि माण-खटावकडे, पीक निघालेल्या मोकळ्या रानात, मालकाला विचारून उडवा. आजूबाजूला तार, झाड, जनावर नको. मोठा काइट जमिनीवर अंगाला बांधून कधीच नाही. तिथे पडलात तर खाली दगड आहे.

१८. हेच सामान गोव्याला चालेल का?

बहुतेक नाही. मोरजीच्या बाजूला फेब्रुवारी ते मे दुपारी वारा येतो, पण तो जमीन तापल्यावर उठणारा खारा वारा. १०-१५ नॉटचा. ७५ किलोला तिथे बाराचा काइट लागतो, किंवा पाण्याखाली पंख असलेला फॉइल बोर्ड. माझा तो पहिला बाराचा काइट आता तिकडेच जातो. फॉइल कल्पिटियाच्या उथळ खाजणात नेऊ नका, दांडा तळाला लागतो.

१९. परदेशी तक्ता माझ्यासाठी आठचा सांगतो, तुमचा हिशेब नऊचा. कोण बरोबर?

दोन्ही बरोबर असू शकतात. थंड हवा जड असते. १० अंशांच्या हवेपेक्षा ३० अंशांची हवा सुमारे सात टक्के विरळ, त्यामुळे त्याच वेगाला ओढ तेवढी कमी. थंड देशात बनलेला तक्ता उष्ण समुद्रावर थोडा लहान पडतो. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर वजन आणि कसब बघा. जड आणि शिकाऊ असाल तर वरचं, हलके आणि सरावलेले असाल तर खालचं. प्रश्न ४ मधल्या ‘बराच मोठा’ काइटशी याची गल्लत करू नका, इथे फरक एका मीटरचा आहे.

२०. अॅपवर १६ नॉट दिसतात, पण तिथले लोक सातचा काइट लावतात. असं का?

दुपारी किनारा तापला की मूळ वाऱ्यात स्थानिक वाऱ्याची भर पडते आणि मोठ्या भागाचा अंदाज ती पकडत नाही. अंदाजात सरासरी आणि झोत हे दोन आकडे वेगळे असतात, दोन्ही बघा. त्यांच्यात पाच-सहा नॉटपेक्षा जास्त अंतर असेल तर तो दिवस सलग वाऱ्याचा नाही आणि माप झोताप्रमाणे ठरवा. शेवटी किनाऱ्यावर तुमच्याच वजनाचा माणूस शोधा आणि त्याच्याकडे कितीचा आहे ते विचारा. वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे जात असेल तर कुठल्याच मापाचा काइट काढायचा नाही.

२१. कॅनरी बेटांवर व्यापारी वारेच आहेत. तिथे जाताना वेगळं काही?

काइट तेच, कपडे वेगळे. श्रीलंका-रामेश्वरमचं पाणी २७-२९ अंश असतं, लायक्रा पुरतो. कॅनरीला पाणी १८ ते २३ अंशांच्या आसपास आणि वर वारा, तासाभरात दात वाजतात. वेटसूट, म्हणजे ऊब धरणारा रबरी पोशाख, लागतोच. त्याच्यावर हार्नेस एक माप मोठा लागू शकतो, म्हणून वेटसूट घालूनच हार्नेस बघा.